उसना बोर्ड

नानांच्या घराची बेल हा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी एक गमतीचा विषय होता. तीन मजले चढून धापा टाकत आलेला माणूस बटण दाबायचा आणि आतून शीळ यायची. पहिल्यांदा येणारा तर दचकून मागे बघायचा, जिन्यात कोणी टवाळ उभा आहे की काय म्हणून. एका पार्सलवाल्याने विचारलंही होतं, “काका, आत पोपट पाळलाय का?”

ती शीळ नानांच्या मुलाची. शाळेत होता तेव्हापासून जिना चढताना तो तीच एक शीळ घालायचा. दुसऱ्या मजल्यावर सुरू, दाराशी खलास. लग्न झालं, मुलगी झाली, कपाळावरचे केस मागे सरकले, तरी शीळ तीच. कधीतरी मुलगी म्हणाली, “बाबा, तू उशिरा येतोस ना, तेव्हा मी झोपलेली असते. मला शीळ ऐकायलाच मिळत नाही.” तर ह्या पठ्ठ्याने एका रविवारी दोन काडेपेट्यांएवढा निळा बोर्ड आणला, त्याला रुपयाएवढा बझर जोडला, दाराबाहेर बटण बसवलं आणि आपली शीळ एकेक सूर मोजून त्या बोर्डात भरली. त्या दिवसापासून दूधवाला आला तरी घरात बाबाच आल्यासारखं वाटायचं.

आठ महिन्यांपूर्वी, ऑफिसात, दुपारच्या चहाचा कप हातात असताना तो खाली कोसळला तो उठलाच नाही. अडतीस वर्षांचा होता.

बेल वाजत राहिली. पहिल्या महिन्यात सुनेला ती ऐकवत नव्हती. “नाना, दुसरी साधी बेल लावूया का?” असं तिने दबकत विचारलं, तेव्हा नात दाराला पाठ लावून जी उभी राहिली ती तासभर हलली नाही. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

नातीला सगळे मिरी म्हणत. मिऱ्याच्या दाण्याएवढी आणि तेवढीच तिखट. वय वर्षं दहाला दोन महिने कमी. गळ्यात घराची किल्ली असायची, पण शाळेतून आल्यावर ती किल्ली कधी लावायची नाही. पावणेचारला बटण दाबायची, दाराला कान लावायची आणि शीळ पुरी ऐकायची. नानांनी जरा लवकर दार उघडलं की ओरडा ठरलेला.

“आजोबा! अजून संपली नव्हती!”

“अगं संपली की. मी संपल्यावरच उघडलं.”

“नव्हती संपली. तुम्हाला घाईच फार.”

नानांना वाटायचं, पोरीला बापाची शीळ सोडवत नाही, म्हणून उगाच कुरकुर करते. करू दे. तेवढीच तिची चैन.

नानांचं सगळं आयुष्य रेडिओ उघडण्यात गेलं होतं. आठ फूट बाय सहा फूट दुकान, एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि भिंतभर आजारी रेडिओ. पुढे टीव्ही आले, टेपरेकॉर्डर आले, तेही त्यांनी उघडले. त्या दुकानात एक पद्धत होती. एखाद्या सेटमधला नेमका कुठला भाग गेलाय हे कळत नसेल, तर शेजारच्या चांगल्या सेटमधला तोच भाग काढायचा, आजारी सेटमध्ये घालून बघायचा, आणि पुन्हा जागच्या जागी. ह्याला ते ‘उसना घेणं’ म्हणत. उसन्या भागाचे कायदे कडक होते. सोडवलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी, कागदावर जोडणीचं चित्र, आणि दुकान बंद व्हायच्या आत भाग मूळ घरी. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही की आपल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर दुपारभर पाहुणचाराला जाऊन आलाय. सेट जसा होता तसाच वाजायचा. वाजणारच. तारा त्याच, भाग तेच, मग आवाज वेगळा कसा येईल?

आणि शिकवण्याची हौस दांडगी. गल्लीतली निम्मी पोरं दुकानाच्या पायरीवर बसून बॅटरीवर बल्ब लावायला शिकली होती. त्यातही नानांचा एक नेम होता: आपण स्वतः करून बघितल्याशिवाय पोरांना काही दाखवायचं नाही. पोरांसमोर तोंडघशी पडलं की पोरांचा विश्वास उडतो, माणसावरचा नाही, विजेवरचा.

तेव्हा मिरीने जेव्हा बापाच्या कपाटातून एक पुस्तक ओढून आणलं आणि म्हणाली, “बाबा मला दहाव्या वाढदिवसाला हे शिकवणार होता. आता तुम्ही शिकवा,” तेव्हा नानांनी छाती पुढे काढली आणि पुस्तक उघडल्यावर ती हळूच आत घेतली. पुस्तकात रेडिओसारखं काहीच नव्हतं. बोर्ड होता, त्याला पिना होत्या, तिथवर ठीक. पण पुढे सगळं लिहायचं होतं. दिवा लाग, एक सेकंद थांब, दिवा विझ, एक सेकंद थांब. असं संगणकावर लिहून केबलमधून बोर्डात पाठवायचं.

“म्हणजे दिव्याला पत्र लिहायचं?” नाना म्हणाले.

“पत्र नाही हो, प्रोग्राम.”

“तेच ते. वाचतो का पण तो?”

“तुमच्यापेक्षा बरा वाचतो. चष्मा लागत नाही त्याला.”

ठरलं. रविवारी सकाळी पहिला धडा. सुनेने नवीन बोर्ड मागवला, आपला जुना लॅपटॉप नानांच्या टेबलावर ठेवला. मिरीने वहीवर ‘धडा एक’ लिहून खाली लाल रेघ मारून ठेवली. नाना रोज दुपारी चष्मा नाकावर ओढून तो पहिला धडा वाचत. बोर्ड बुधवारी यायचा होता. बुधवारी आला नाही. गुरुवारी सकाळीही आला नाही.

गुरुवारी दुपारी दोन वाजता नानांना राहवेना. रविवार तोंडावर आला, आणि आपण अजून एकदासुद्धा करून बघितलेलं नाही. पोरीसमोर केबल हातात धरून भांबावून बसायचं का? ह्या विचाराने त्यांना बसल्याजागी घाम फुटला. मग त्यांची नजर दारावरच्या, बेलच्या पांढऱ्या डबीकडे गेली. आत तसलाच निळा बोर्ड. तासाभराचं काम. पावणेचारच्या आत मूळ घरी.

नानांनी उसना घेतला.

सगळं कायद्याने केलं. आधी प्लग काढला. डबीचं झाकण उघडून आतल्या जोडणीचं चित्र काढलं, कुठली तार कुठल्या पिनेत. दोन तारा बटणाच्या, दोन बझरच्या. चारींना चिकटपट्टीची चिठ्ठी, एक, दोन, तीन, चार. मुलाने तारा किती नेटक्या वळवल्या होत्या ते बघून त्यांना जरा वेळ थांबावं लागलं. ‘शिकला होता माझ्याकडेच,’ ते मनाशी म्हणाले. मग बोर्ड अलगद काढून टेबलावर आणला, केबल लावली, पुस्तक उघडून पेपरवेटखाली दाबलं आणि धड्यातली एकेक ओळ बोटाने धरून पुढे सरकले. बोर्ड निवडा. निवडला. केबल कुठल्या पोर्टला लावली ते निवडा. निवडलं. वरच्या बाणावर क्लिक करा.

बोर्डावरचे दोन बारीक दिवे थरथरले. पडद्यावर अक्षरं आली, की झालं काम. आणि बोर्डावरचा तिसरा दिवा लागला. विझला. लागला. विझला.

नाना एकाहत्तर वर्षांचे होते. पण त्या मिनिटाला ते पायरीवरच्या पोरांपैकीच एक झाले. त्यांनी टेबलावर थाप मारली आणि घरात कोणी नसताना मोठ्याने म्हणाले, “अरे, वाचलं की त्याने!” मुलाला सांगायला हवं, असंही क्षणभर वाटून गेलं. मग आठवलं.

सव्वातीनला त्यांनी आवरायला घेतलं. बोर्ड डबीत, एक नंबर एकावर, दोन दोनावर, तीन, चार. चित्राशी ताडून बघितलं. झाकण लावलं, प्लग लावला. उसना भाग मूळ घरी पोचला. आणि नेहमीच्या शिस्तीने, सेट परत देण्याआधी एकदा वाजवून बघायचा म्हणून, दार उघडून त्यांनी बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. डबीच्या फटीतून उजेड दिसत होता. लागत होता, विझत होता. अगदी एकेका सेकंदाने.

नानांनी झाकण उघडलं. चारही तारा ओढून बघितल्या. मीटर लावला, बटण ठीक. बझरला वेगळ्या बॅटरीवर धरलं, बझर ओरडला. बोर्ड नाकाशी नेऊन हुंगला. त्यांच्या धंद्यात काही बिघडलं तर आधी वास यायचा, जळका, गोडसर. इथे वास नव्हता. धूर नव्हता. काळा डाग नव्हता. सगळं जसंच्या तसं होतं आणि शीळ नव्हती.

त्यांनी मुलाच्या ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. मुलाच्या तेराव्या दिवसापर्यंत रोज येऊन बसणारा मित्र. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“काका, त्या चिपमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम राहतो. नवीन टाकला की जुना पुसला जातो.”

“पुसला म्हणजे? मागे कुठेतरी असेल ना?”

“नाही, काका.”

“अरे, पण मी एकही तार चुकवली नाही.”

“तारांचा संबंधच नाही ना ह्यात. शीळ तारांमध्ये नव्हती.”

नाना खुर्चीवर बसले. “त्याने लिहिलेलं कुठेतरी असेल. त्याच्या लॅपटॉपमध्ये.”

“तो ऑफिसचा होता. पहिल्याच आठवड्यात साफ करून दुसऱ्याला दिला. मी शोधलं होतं, त्याचं काही वैयक्तिक असलं तर वहिनींना द्यावं म्हणून. बेलचं काही नव्हतं त्यात.” मग जरा घुटमळून तो म्हणाला, “आधी सांगितलं असतंत तर बोर्डातून कॉपी काढून ठेवता आली असती, काका. पाच मिनिटांचं काम असतं.”

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. पण तोही तरुणच होता.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. नाना दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. काय सांगायचं ह्याची त्यांनी पाचसहा वाक्यं जुळवली आणि सगळी मोडली. जिन्यावर पावलं वाजली. दप्तर कठड्याला घासत येण्याचा आवाज आला. मग शांतता. तिचं बोट बटणावर होतं, हे त्यांना दारातूनही कळत होतं.

“आजोबा!” बाहेरून हाक आली. “लाइट गेलीय का?”

पोरीने त्यांच्या हातात आयती सबब ठेवली होती. नुसतं हो म्हणायचं. लाइट गेलीय, बोर्ड बिघडला, जुना झाला होता, आपोआप गेला. कोणाला कळणार होतं? नानांनी कडी काढली.

“नाही,” ते म्हणाले. “लाइट आहे. आत ये. माझ्याकडून एक फार मोठी चूक झालीय.”

त्यांनी सगळं सांगितलं. पार्सलची वाट बघितली ते, उसना घेतला ते, चिठ्ठ्या लावल्या ते. मिरी बुटांसकट सोफ्यावर बसून ऐकत होती.

“मग परत टाका ना,” ती म्हणाली.

“कुठून टाकू?”

“बाबाच्या लॅपटॉपमधून.”

“तो ऑफिसने नेला ना, बाळा.”

“मग त्यांना फोन करा.”

“केला. त्यात नाहीये.”

“पेनड्राइव्हमध्ये?”

“बाबाचा मित्र म्हणाला, कुठेच नाही.”

“असं कसं कुठेच नाही? काल तर होती!”

मिरी उठली, दाराबाहेर गेली आणि बटण दाबत राहिली. दहा वेळा, वीस वेळा. ती रडली असती तर नानांना काही करता आलं असतं, पाणी देता आलं असतं. ती रडत नव्हती. परत आत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“मला का नाही विचारलं तुम्ही?”

“रविवारी तुझ्यासमोर चुकू नये म्हणून.”

“मी हसले असते का तुम्हाला?”

नानांनी मान खाली घातली. ती हसली असती, खो खो हसली असती, आणि मग दोघांनी मिळून केलं असतं. हे त्यांना आता कळत होतं.

संध्याकाळी सून आली. दाराबाहेर पायपुसण्यावर मिरी बसलेली बघून तिला काय झालं ते निम्मं कळलं, बाकीचं नानांनी सांगितलं. ती ओरडली नाही. पर्स टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “नाना, तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत.” तिचा आवाज इतका समजूतदार होता की नानांना वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती आत गेली, दार लावून घेतलं, आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

बाहेर आली ती मोबाइल हातात घेऊन. “थांबा. मागच्या वर्षीच्या वाढदिवसाचा एक व्हिडिओ आहे. त्यात बेल वाजली होती.”

तिघांची डोकी त्या छोट्या पडद्यावर जुळली. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. मिरी मेणबत्तीवर वाकलेली. मागे बेल सुरू होते. एक सूर, दुसरा, तिसरा, आणि त्यावर सुनेचाच आवाज, खणखणीत, “अगं, दार उघडा कोणीतरी!” टाळ्या, हसणं, संपलं.

“मी कशाला बोलले?” सून म्हणाली. तिने तो पुन्हा लावला. पुन्हा लावला. प्रत्येक वेळी तीच मध्ये बोलत होती.

पण तीन सूर हाताशी लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन बोर्डही आला. पार्सलवाल्याने बटण दाबलं, कंटाळला आणि दार ठोठावलं. “पोपट उडाला वाटतं, काका?” नानांनी सही केली आणि दार लावून घेतलं.

रविवारचा धडा शुक्रवारी दुपारीच सुरू झाला, आणि तो पहिला धडा नव्हताच. नानांनी पुस्तकातलं शेवटाकडचं, सुरांचं प्रकरण काढलं. प्रत्येक सुराला एक आकडा असतो. आकडा मोठा तर सूर उंच. किती वेळ वाजायचं त्याचा दुसरा आकडा. नाना वाचत, मिरी टाइप करत. व्हिडिओ कानाशी धरून, आकडे खालीवर करून, त्यांनी पहिले तीन सूर तासाभरात जुळवले. नवीन बोर्डाने ते वाजवले तेव्हा मिरीच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला. आकडे लिहायला, ओळ कुठे संपते तिथे खूण द्यायला, बाणावर क्लिक करायला ती इतक्या झपाट्याने शिकली की इतर कुठल्या दिवशी नाना गल्लीभर सांगत सुटले असते.

“चौथा खाली येतो,” मिरी म्हणाली. “मग दोन वर. मग थांबतो. मग शेवटचे दोन, एकदम उंच.”

“शेवटचे दोन कुठले?” नाना म्हणाले. “सहा सूर आहेत ना?”

“आठ आहेत.”

“सहा. मी रोज ऐकायचो.”

“आठ आहेत, नाना,” स्वयंपाकघराच्या दारातून सून हळूच म्हणाली.

मिरीने अंदाजाने उंच सुरांचे आकडे लिहिले आणि बोर्डाला वाजवायला लावलं. “हे असे.” नानांनी बोर्डाकडे बघितलं. मिरीकडे बघितलं.

“वाजलं?” त्यांनी विचारलं.

सुनेने आणि मिरीने एकमेकींकडे बघितलं. नानांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, टीव्हीचा आवाज त्यावरून वाढत गेला होता. पण बारीक, उंच आवाज त्यांच्या कानात पोचतच नाहीत, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्याही. मुलाने बेल बसवली त्या दिवसापासून नानांनी ती कधीच पुरी ऐकली नव्हती. मिरी कुरकुर करायची, ‘अजून संपली नव्हती’, ते खरं होतं. आता ऐकायची म्हटली तरी ती शीळ कुठे नव्हती.

“असू दे,” नाना म्हणाले. “तुम्ही दोघी ऐका. मी आकडे लिहितो.”

शनिवार सगळा त्यात गेला. सुनेने एकदा शीळ घालून दाखवायचा प्रयत्न केला. तिला शीळ येत नव्हती, म्हणून तिने गुणगुणून दाखवली.

“अशी नाही गं, आई. शेवट असा नाहीये.”

“मला अशीच आठवते. लग्नाआधी खाली रस्त्यावर उभा राहून घालायचा, तेव्हा शेवट लांबवायचा तो.”

“ती तुझी झाली. मला बेलची हवीय.”

आपला शेवट आपल्याजवळ ठेवून सून आत गेली.

नानांनी वहीत प्रत्येक खेपेचे आकडे लिहून ठेवले. बारावी खेप, तेरावी. “जवळ आलंय.” “नाही, लांब गेलं.” “थांबायचं जास्त होतं.” “आता कमी झालं.” सतराव्या खेपेला मिरी ताडकन उभी राहिली. “हीच! हीच आहे, आजोबा! पुन्हा लावा!” पुन्हा लावली. ती नाचली. सून धावत आली, तिनेही ऐकली आणि मान डोलावली, हो म्हणून की पोरीसाठी म्हणून, ते कळलं नाही. नानांनी सतराव्या खेपेभोवती पेन्सिलने चौकट काढली. जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी मिरी उठली ती थेट टेबलाशी आली. तोंडही धुतलं नव्हतं. बोर्डाला केबल लावली, शीळ ऐकली, आणि तिचा चेहरा पडला.

“ही नाहीये.”

“काल तूच म्हणालीस ना?”

“काल वाटलं. ही नाहीये. पाचवा चुकलाय.”

“मग पाचवा बदलू. वर का खाली?”

मिरीने डोळे मिटले. ओठ हलवत ती मनातल्या मनात वाजवून बघत होती. नाना पेन्सिल घेऊन थांबले. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती, पुन्हा अडत होती. असं चारपाच वेळा झालं. मग तिने डोळे उघडले, आणि त्यात अशी भीती होती की नानांनी पेन्सिल खाली ठेवली.

“आजोबा, बास करूया.”

“का गं? दमलीस?”

“मी आठवायला जाते ना, तर आपली वाजते. कालची. तेरावी पण वाजते. रात्रीपण झोपताना तीच वाजत होती. गुरुवारी मला सगळी येत होती. आता—” तिचा आवाज फुटला. “आता मला खरी येतच नाहीये.”

आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती रडली. नानांनी तिला जवळ ओढलं, आणि काही सांगायचा प्रयत्न केला नाही. आयुष्यभर पोरांना त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती, की चुकलं तर पुन्हा करा, वीस वेळा करा, शेवटी जमतं. ती आज कुठल्या तोंडाने सांगायची होती? इथे प्रत्येक ‘पुन्हा’ने खरी शीळ थोडी थोडी गेली होती, आणि ते ‘पुन्हा’ त्यांनीच शिकवलं होतं.

सून केव्हातरी येऊन दोघांच्या मागे उभी राहिली होती. तिने मिरीच्या केसांवरून हात फिरवला. “राहू दे मग. आपण साधी बेल लावू. दुकानात मिळते ती.”

“नको,” मिरी नाक पुसत म्हणाली.

“मग काय करायचं?”

मिरीने वही ओढली, रबर घेतलं आणि सतराव्या खेपेतल्या शेवटच्या पाच सुरांचे आकडे खोडून टाकले. वर तीनच सूर राहिले.

“हे तीन बाबाचे आहेत. हे नक्की आहेत. एवढेच टाका.”

“अर्धवट वाजेल गं ती,” सून म्हणाली.

“वाजू दे. आपण त्यात आपलं काही घालायचं नाही.”

नानांनी दारावरची डबी उघडली. गुरुवारपासून तो दिवा आत लागत होता आणि विझत होता. प्लग काढायचंही कोणाच्या मनात आलं नव्हतं. ह्या वेळी बोर्ड मिरीने काढला. प्रोग्रामही तिनेच लिहिला, तीन सूर, प्रत्येकाने किती वाजायचं ते, आणि त्याखाली काही नाही. बाणावर बोट नेऊन ती थांबली.

“हे पुसलं जाणार ना? तुमचा दिवा?”

“जाऊ दे तो,” नाना म्हणाले.

सोमवारी नाना साडेतीनपासून दाराशी होते. पावणेचारला जिन्यावर दप्तर घासलं. बटण दाबलं गेलं. एक सूर. दुसरा. तिसरा. हे तिन्ही नानांना स्वच्छ ऐकू आले. त्यांचा हात कडीवर होता, पण त्यांनी ती काढली नाही, आणि बाहेरूनही उघडा म्हणून हाक आली नाही. दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे होते. उरलेले पाच सूर वाजायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ गेला असावा. नानांना त्याचा अंदाज नव्हता, म्हणून ते थोडं जास्तच थांबले.

मग दारावर बोटांनी हलकेच टकटक झाली.

“झाली, आजोबा,” मिरी बाहेरून म्हणाली. “उघडा आता.”